समुद्राकाठच्या घरासाठी केलेला झोपाळा

मी झोपाळा बोलतोय. सागवानाचा, पितळी कड्यांचा. पावसाळ्यात कोकणातल्या या घराला पाहुणे कमी असतात. आज माझ्यावर कुणी बसलेलं नाही, म्हणून बोलायला सवड मिळाली.

माझा जन्म इथला नाही. छत्रपती संभाजीनगरात, किराडपुऱ्यातल्या शफीकभाईंच्या कारखान्यात माझ्यावर रंधा फिरला. मला करवून घेणाऱ्या तनुजाताई शिक्षिका; शाळा सुटली की मला बघायला यायच्या. पॉलिश वाळलेलं नसायचं, तरी हात लावायच्या.

"सूखने दो ना भाभी," शफीकभाई म्हणायचे. "इतनी क्या जल्दी?"

"घर बघून आलेय, भाई. आता दम निघत नाही."

दापोलीकडच्या एका गावात पारूबाई नावाच्या म्हातारीचं घर विकायचं होतं. समोर समुद्र, लांबलचक पडवी. सुट्टीत आपण राहायचं, एरवी पर्यटकांना भाड्यानं द्यायचं, असा बेत होता. तनुजाताईंनी पडवी पदरानं मोजून आणली आणि त्या मापाचा मी झालो. आमच्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. ड्रम भरता भरता त्या नवऱ्याला म्हणायच्या, "नुसतं बघत बसावं, एवढं पाणी दारात पाहिजे मला."

त्यांचे यजमान इंद्रजीतराव वाळूजच्या एका कंपनीत खरेदीचं काम बघायचे. माणूस वाईट नव्हता. पण घाई करणाऱ्याला महाग पडतं, हे त्यांच्या हाडांत मुरलेलं.

"पाऊस जाऊ दे तनुजा. भिंतींना ओल आली, की पारूबाई आपसूक भाव खाली आणतील."

"आणि तोवर दुसऱ्यानं घेतलं तर?"

"त्या आडगावात आपल्याशिवाय कोण जातंय?"

गणपती बसायच्या आत ते घर दुसऱ्यानं घेतलं. फोन आला तेव्हा नेमकं नळाला पाणी आलं होतं. "तुमची वाट बघितली हो ताई," पारूबाई सांगत होत्या. "पण मला मुलाकडं जायचं होतं." तनुजाताई "बरं" म्हणाल्या. ड्रम भरून वाहू लागला, तरी त्या तशाच उभ्या राहिल्या. नळ इंद्रजीतरावांनी येऊन बंद केला.

मला गारखेड्यातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दोन स्टुलांवर आडवं ठेवलं. माझ्यावर आधी उशा आल्या, मग इस्त्रीचे कपडे. इंद्रजीतराव दुसरी घरं बघत राहिले. दर वेळी म्हणायचे, रस्ता होऊ दे, व्याज उतरू दे, निवडणुका जाऊ देत. तनुजाताई सुरुवातीला ऐकायच्या. पुढं नुसती मान डोलवायच्या. नंतर तर ते बोलत असतानाच उठून कुकर लावायच्या.

टाळेबंदीत पर्यटन बसलं आणि समुद्राकाठचंच एक घर निम्म्या भावात निघालं. इंद्रजीतराव चप्पल न काढताच आत आले.

"तनुजा, यापेक्षा चांगली वेळ येणार नाही."

"घ्या की." त्या मेथी निवडत होत्या.

"तू बघून तरी घे."

"तुम्ही बघितलंय ना."

"रागावलीस?"

त्यांनी जुडी खाली ठेवून खरंच विचार केला. "नाही हो. राग नाही आणि आनंदपण नाही. काही वाटतच नाही, त्याला मी काय करू?"

या घराची पडवी आखूड निघाली. इथल्या सुतारानं माझी दोन्ही टोकं कापली. तुकडे भुशात पडले. मला दुखलं नाही.

घर चांगलं चालतं. पाहुणे येतात, समुद्राकडे पाठ करून माझ्यावर फोटो काढतात. वेळ अचूक साधली, असं इंद्रजीतरावांना सगळे म्हणतात.

तनुजाताई एकदाच आल्या, गेल्या हिवाळ्यात. माझ्यावर बसल्या. भरती लागली होती. त्यांचे पाय जमिनीला टेकलेलेच होते.

"कसं वाटतंय?" इंद्रजीतरावांनी पायरीवरून विचारलं.

"छान आहे." त्यांनी मागे वळून खोलीत पाहिलं. "चादरी कमी पडतायत, नाही? जास्तीच्या आणायला हव्यात." असं म्हणून त्या आत गेल्या.

मग इंद्रजीतराव येऊन त्यांच्या जागेवर बसले. झोका त्यांनीही घेतला नाही. अंधार पडेस्तोवर बसून होते.

तुमच्यापैकी कुणी संभाजीनगरला गेलं आणि गारखेड्यात तनुजाताई भेटल्या, तर माझा एवढा निरोप द्या. चादरींचं काम नसलं तरी या म्हणावं. इंद्रजीतरावांना शेजारी बसवा आणि माझ्यावर बसून कडाकडा भांडा. दोघांचं ओझं मला पेलतं.