कुवेतच्या घड्याळातली बोट

खोटारडा म्हणाला मला! सख्खा भाऊ! तोही समोर उभा राहून नाही, कुवेतमध्ये बसून, मोबाईलवर.

बोट आमच्या अयूबभाईची. पंधरा वर्षं तिकडे राबून जे कमावलं ते त्यानं तिच्यात घातलं. मी तिचा तांडेल. एकदा बंदर सोडलं की बोट आणि खलाशी, सगळं माझ्या जबाबदारीवर. अख्खा मिरकरवाडा मला अनस तांडेल म्हणून ओळखतो. आणि तांडेलाचं नाव गेलं की त्याच्या हातात बोट देतो कोण?

पावसाळी मासेमारीबंदी एकतीस जुलैच्या रात्री बाराला संपते. त्याआधी बोट काढली तर परवाना गेलाच म्हणून समजा. मी बोट काढली रात्री दोनला, म्हणजे एक ऑगस्ट लागल्यावर. चार दिवसांनी मासळी घेऊन जेटीला लागतो, तर भाईचा मेव्हणा अद्नान समोर उभा.

"अनसभाय, चावी द्या. मालकाचा हुकूम आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली. तिथूनच फोन लावला. एरवी फोन उचलला की भाईचं पहिलं वाक्य ठरलेलं, "तुमच्याकडे वाजले किती रे?" त्या दिवशी विचारलंच नाही. सरळ तोंड सोडलं.

"बंदीत बोट नेलीस? बोट कधी सुटली, कुठं गेली, बोटीवरचं यंत्र सगळं दाखवतं मला मोबाईलवर. एकतीस जुलै, रात्री साडेअकरा!"

"अल्लाची कसम भाई, दोन वाजून गेले होते. खलाशांना विचार."

"खलाशी तुझेच. यंत्राला कसम खावी लागत नाही."

आणि फोन ठेवून बोटमालकांच्या ग्रुपवर लिहून मोकळा, बंदी मोडली म्हणून अनसला काढला. बर्फवाला सदू, रोज हाका मारून चहा पाजणारा, तोसुद्धा मला बघून बर्फ फोडत बसला.

माझी बायको हमिदा कॉलेजच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर असते. ती म्हणाली, आदळआपट पुरे झाली, यंत्राची मूळ नोंद मागवू. कंपनीनं पाठवली. बघतो तर तारीखच नाही! नुसते दहा-दहा आकडे.

"हे काय, फोन नंबर दिलेत काय मेल्यांनी?"

"ओरडू नको. यंत्र तारीख लिहीतच नाही. एकोणीसशे सत्तर साल लागल्यापासून किती सेकंद झाले, तेवढंच लिहितं. त्याची तारीख करतो तो बघणाऱ्याचा मोबाईल. मोबाईल ज्या देशात, त्या देशाच्या घड्याळानं."

तिनं बोट सुटली तेव्हाचा आकडा घातला आणि आपली वेळ लावली. एक ऑगस्ट, रात्रीचे दोन. मग तोच आकडा, कुवेतची वेळ. एकतीस जुलै, साडेअकरा.

अडीच तास! कुवेत आपल्या अडीच तास मागे, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि ह्या शहाण्यानं तिथल्या घड्याळानं माझी इज्जत घालवली!

हमिदानं दोन्ही तारखा त्याला पाठवल्या. तासाभरात फोन आला.

"आलं ध्यानात. मोबाईलनं घोळ केला. जाऊ दे, अद्नानकडून चावी घे."

"जाऊ दे? ग्रुपवर लिही आधी."

"अरे, लोक हसतील मला."

"हसू देत! मला लोक चोर म्हणतायत. तुला नुसते हसतील."

भाईनं फोन ठेवला, आणि ग्रुपवर आलं, "अनस बंदी उठल्यावरच गेला होता. मी कुवेतची वेळ बघितली. त्याचं ऐकलं नाही, चूक माझी."

सदूनं त्याच दिवशी चहाला हाक मारली. चहा घेतला, चावीही घेतली. पण राग कुठला जातोय?

दुसऱ्या दिवशी डिझेल भरताना भाईचा फोन आला. सवयीनं म्हणाला, "तुमच्याकडे वाजले किती रे?"

"तुझ्या मोबाईलला विचार," म्हटलं, आणि ठेवला.