पखवाजामधली शांतता

संगीत कळायला अंगावर उपरणं आणि दारात मोटार लागते असं ज्याला वाटतं, त्याने डिसेंबरातल्या त्या रविवारी पिंपरीच्या कामगार वसाहतीत यायला हवं होतं. दर वर्षी त्या दिवशी दुपारची जेवणं उरकली की लोक हॉलमध्ये सतरंजीवर येऊन बसत. ज्याच्या घरी रेकॉर्ड प्लेअर असेल त्याने वर्षभरात सगळ्यात आवडलेली एक तबकडी आणायची आणि ती का आवडली ते उभं राहून सांगायचं. नियम एकच. आधी कारण, मग गाणं. गाणं वाजून गेल्यावर कारण सांगायला कुणालाही येतं.

कंपनीच्या प्रेस शॉपमधला, पत्र्यावर ठोके मारणाऱ्या मशीनवरचा भिवा दिवाळीपासून आपलं कारण घोकत होता. दोन वर्षं तो नुसता ऐकायला येऊन बसला होता. यंदा त्याच्याकडे स्वतःचा प्लेअर होता, आणि कॅम्पातल्या जुन्या सामानाच्या गाड्यावरून उचललेली एक तबकडी. कव्हर नाही, मधलं लेबल निम्मं सोलून निघालेलं. कोण वाजवतोय, काय वाजवतोय, काही पत्ता नाही. पण घरी लावून बघितली आणि पखवाजाची थाप अशी छातीत बसली की भिवा हातातला चहा प्यायचा विसरला.

त्याहून मोठी गंमत पुढे होती. पखवाजवाला थोडं वाजवायचा आणि थांबायचा. चांगला ऐसपैस थांबायचा. मग पुन्हा थाप. त्या मधल्या जागेत भिवाला वर्षभर जे सुख मिळालं ते त्याला कुठेच मिळालं नव्हतं. तबकडीवर धूळ होती तेवढी. त्या शांततेत बारीक टकटक व्हायची. ती जावी म्हणून तो रोज कामावरून आला की मऊ फडक्याने तबकडी पुसायचा. धूळ काही जात नव्हती.

हॉलमध्ये पुढे खुर्चीवर सोपानराव बसले होते. ते काही कामगार नव्हेत. वसाहत उभी राहिली ती त्यांच्या वडिलांच्या ज्वारीच्या रानात, म्हणून अध्यक्षपद त्यांचं. त्यांनी मोटेवरच्या गाण्यांची तबकडी आणली होती.

"का आवडली म्हंजी?" सोपानरावांचा आवाज विहिरीत घागर आपटल्यासारखा. "आमची इहीर बुजवली, तिच्यावर तुमचा संडास बांधला. आता मोट ऐकायची तर तबकडीतच न्हाई का? लावा."

लोक हसले. मग सुमनताई उठल्या. त्यांचा नवरा वर्षभर रात्रपाळीला होता. त्या काय बोलल्या ते भिवाला कळलं नाही. हल्ली बायका फार हळू बोलतात असं त्याचं मत झालं होतं. कस्तुरासुद्धा, लग्नात भांडभांड भांडणारी त्याची बायको, पुटपुटायला लागली होती. त्याने शेजारच्या चिमाजीला ढोसलं. चिमाजी त्याच्याच मशीनवरचा.

"काय म्हणाल्या?"

"कुणाला ठावं. हस तू."

दोघे हसले. मागून कस्तुराने वाकून सांगितलं तेव्हा कळलं: सुमनताई म्हणाल्या, रात्री घरात पुरुषाचा आवाज म्हणून तबकडीतला तेवढाच होता, आणि तो निदान जेवायला तरी मागत नव्हता.

मग भिवा उठला. शर्टाचं वरचं बटण लावलं.

"जय भीम. नमस्कार. मी प्रेसवर बारा वर्षं काढली. एक ठोका पडतो, तो संपायच्या आत दुसरा पडतो. जेवताना तोच, झोपेत तोच. जयंतीला मी स्पीकरच्या पुढ्यात नाचलोय, मला आवाजाचं वावडं नाही. पण ह्या तबकडीतला माणूस थांबतो. त्याच्या हातात ठोका असून तो मारत नाही. असा माणूस मी कंपनीत बघितला नाही, संसारात नाही, पुढाऱ्यांत तर नाहीच. म्हणून ही माझी यंदाची तबकडी. तिच्यातल्या गप्प बसण्यासाठी."

प्रेस शॉपवाले सगळे एका कोपऱ्यात बसायचे. तिकडून टाळ्या आल्या. "वा भिवा! बोललास राव!" चिमाजी ओरडला. त्याने ती तबकडी भिवाच्या घरी कितीदा तरी ऐकली होती.

सुई टेकली. पखवाज बोलला. मग थांबला.

भिवाने डोळे मिटले. ते तसेच मिटलेले राहते तर बरं झालं असतं. पण लोकांना कसं वाटतंय बघावं म्हणून त्याने उघडले, आणि त्याला दिसलं की सुमनताई त्या शांततेत मान डोलवतायत. सोपानरावांची बोटं मांडीवर पळतायत. शांततेला कोण ताल धरतं?

"भिवा," सोपानराव म्हणाले, "झ्याक हाय रं. पर गप्प कुठं बसतोय त्यो?"

"हे काय. आत्ता. गप्पच तर आहे."

"आरं, जलतरंग वाजतोय न्हवं! पान्याची भांडी!"

हॉल खदखदला. भिवाला वाटलं, चेष्टा करतायत. मग वाटलं, चेष्टा नाही, दुसरं काहीतरी. "आमच्या तोंडून शांतता आली म्हणून नाही म्हणताय का सोपानराव? सरळ सांगा!"

"आता हे काय नवीन! आरं बाबा, वाजतंय त्ये वाजतंय."

"काय वाजत नाही!" चिमाजी उभा राहिला. "मीपण ऐकतोय. धूळ आहे ती, जरा टकटकते. का हो?"

"धूळच!" कोपऱ्यातून दोघे-तिघे गरजले. आणि बाकीचा हॉल, ऑफिसातले, पेंट शॉपमधले, बायकापोरं, एका सुरात: "वाजतंय!"

भांडण जुंपलं. प्रेस शॉप एका बाजूला, उरलेली वसाहत दुसऱ्या बाजूला. तबकडी मधे बिचारी फिरतेय. हळूहळू उरलेल्या वसाहतीचं हसू विरलं. सगळ्यांनी त्या कोपऱ्याकडे बघितलं, आणि तिथे कोण कोण बसलंय ते एकदमच सगळ्यांच्या ध्यानात आलं. कंपनीचा डॉक्टर वर्षातून एकदा प्रेस शॉपमधल्या प्रत्येकाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचा, "ऐकू येतं का?" अशा ओरडण्याला मढंसुद्धा हो म्हणेल. तो लिहायचा, कान उत्तम. निघाला पुढच्या माणसाकडे.

भिवाला मात्र अजून उलगडत नव्हतं. इतकी माणसं खोटं बोलत नाहीत. पण मग चिमाजी खोटा? आपण खोटे? त्याने मागे वळून कस्तुराकडे बघितलं. घरातली तबकडी, घरातलीच साक्ष.

"तू सांग. काय आहे मधे?"

कस्तुराचा चेहरा उतरला होता. ती त्याच्या तोंडासमोर आली, ओठ नीट हलवत म्हणाली, "आवं, भांडी वाजत्यात. मला तर तीच आवडतात. मला वाटलं, तुमालाबी तीच आवडतात, म्हणून रोज लावता."

"रोज लावतो ते..." भिवा अडखळला. "मग आपण दोघं वर्षभर काय ऐकत होतो?"

ती तबकडीकडे बघायला लागली.

"पुन्हा लावा," भिवा म्हणाला. "पहिल्यापासून. कस्तुरा, भांडी वाजतील तेव्हा बोट वर कर. बंद झाली की खाली."

सुई पुन्हा टेकली. कुणी हललं नाही. पखवाज सुरू झाला, कस्तुराचा हात मांडीवर. पखवाज थांबला, बोट वर. शांतता भरायला लागली तसं बोट वर. टकटक, बोट वर. पुन्हा थाप, आणि आता तर थापेवरही बोट वरच. जिथे जिथे त्याने वर्षभर पाठ टेकली होती तिथे तिथे ते बोट उभं. जी धूळ तो रोज पुसत होता तिला सगळा हॉल माना डोलवत होता. चिमाजीही आता बोटाकडे बघत होता, तोंड अर्धं उघडं टाकून. कोपऱ्यातला एकजण स्वतःच्या कानात करंगळी घालून फिरवत होता, जणू काही अडकलंय ते निघेल.

"भिवा," सोपानराव या वेळी हळू बोलले असावेत, कारण भिवाला त्यांचे ओठ वाचावे लागले. "दुसरी तबकडी सांग पायजे तर. कारन बदललं तर चालंल."

"नाही. हीच."

"का पर?"

नियम तो नियम. आधी कारण. भिवाने तोंड उघडलं. शांतता म्हणावी तर ती नव्हती. भांडी म्हणावीत तर ती त्याने ऐकली नव्हती. मग छातीत भरून येत होतं ते काय होतं? तेही खोटंच होतं का? ते तर आत्ताही येत होतं.

शेवटची थाप पडली. ती त्याला छातीत कळली. मग काही नाही. तो कस्तुराकडे बघत राहिला. तिचं बोट वरच होतं. वाजतंय अजून? की संपलं, आणि ती हात खाली घ्यायचा विसरली? तिचे डोळे भरले होते, त्यामुळे चेहऱ्यावरून काही ठरत नव्हतं. हॉलमध्ये कुणी टाळी वाजवत नव्हतं, किंवा वाजवत असतील तर हात तरी दिसत नव्हते.

"संपली का?" त्याने विचारलं, फार मोठ्याने.

कस्तुरा काहीतरी बोलली. तिने मान खाली घातली होती, म्हणून ओठ दिसले नाहीत.