पाय वर

लग्नानंतर पहिल्यांदा स्कूटरवर मागे बसवताना नवऱ्याने तिला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. वळणावर गाडी जिकडे कलेल तिकडे आपणही कलायचं, घाबरून उलट्या बाजूला झुकायचं नाही. आणि गाडी थांबली तरी पाय खाली टेकवायचा नाही. गाडी सांभाळणं हे पुढच्याचं काम, मागच्याने मध्येच पाय टेकवला की तोल बिघडतो. नवरा लिफ्ट मेकॅनिक, त्यामुळे त्याने उदाहरणही लिफ्टचंच दिलं होतं. "लिफ्टच्या मागे एक लोखंडी वजन असतं. कुणाला दिसत नाही, पण त्याच्याच जोरावर लिफ्ट वर जाते. तू माझं ते वजन आहेस. वजनाने गप्प बसायचं असतं."

नव्या नवरीला वजन म्हणणारा हा एकटाच असावा. पण तिने ते मनाला लावून घेतलं नाही. तेव्हापासून सिग्नल लागला, फाटक आडवं आलं, की तो मान न वळवता म्हणायचा, "पाय वर." ती पाय वर ठेवायची. मुलगी झाली, शिकली, तिचं लग्न झालं, स्कूटर बदलल्या, पण "पाय वर" काही बदललं नाही.

गंमत म्हणजे ही बाई स्वतः फळांच्या शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवायची. सफरचंदांच्या पेट्यांची थप्पी उचलून पार छतापाशी नेऊन ठेवायची, आणि तीही इतकी अलगद की एक फळ हलायचं नाही. तिथले दांडगे हमाल तिला मावशी म्हणत आणि ती गाडी मागे घेऊ लागली की भिंतीला चिकटून उभे राहत. तरीही घरची गाडी नवऱ्यानेच चालवायची, यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. तिलाही नाही. दिवसभर गाडी हाकल्यावर घरी जाताना आयतं बसायला मिळतं, ते काय वाईट, असं तिचं रोखठोक मत होतं.

नवरा रिटायर झाला आणि पंचाईत सुरू झाली. पहिले काही महिने तो बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये उगाचच वर-खाली करायचा आणि कान देऊन आवाज ऐकायचा. शेजाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा तेही बंद झालं. मग तो खुर्चीत बसून राहू लागला. पेपर हातात, पण पान उलटायचं नाही. जेवायला बोलावलं की "हं" म्हणायचा आणि पुन्हा बोलवावं लागायचं. तिला भीती वाटायला लागली होती. आजाराची नव्हे, त्या खुर्चीची.

एके दिवशी मात्र तो उठला तोच म्हणाला, "आयुष्यभर वर-खाली, वर-खाली केलं. आता जरा आडवं जाऊ या."

"या वयात आडवं पडायचं असतं," ती म्हणाली.

पण त्याने बेत ठरवलाच होता. हमरस्ता जिथे समुद्राला मिळतो तिथे एक दीपगृह आहे, तिथपर्यंत दोघांनी गाडीवरून जायचं. मुक्काम करत करत, घाई न करता. त्यासाठी लांब पल्ल्याची मोटरसायकल हवी, पुढे वाऱ्याची काच, दोन्ही बाजूंना पेट्या, मागे पाठ टेकायला गादी. नवी परवडायची नाही, म्हणून जुनी. तो रात्रंदिवस फोनवर जुन्या गाड्यांचे फोटो बघायला लागला. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असं ती म्हणायची, पण मनातून सुखावली होती. माणूस हाकेला ओ देऊ लागला होता. आणि खरं सांगायचं तर तिलाही जायचं होतं. दीपगृह तिने फक्त चित्रात पाहिलं होतं.

गाडी सापडली ती एका दातांच्या डॉक्टरांची. दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये, चादरीखाली. डॉक्टर बोलायला मृदू, हात सतत धुतल्यासारखे स्वच्छ. चादर काढताना म्हणाले, "मुलं परदेशी गेली, बायकोला गाडीत एसी लागतो. उगाच उभी ठेवून गंजवायची कशाला?"

गाडी थोराड होती. रंग गर्द हिरवा, टाकीवर एक ओरखडा. नवरा ओरखड्यावर बोट फिरवू लागला तशी डॉक्टर लगबगीने म्हणाले, "वरवरचा आहे हो, मुळापर्यंत गेलेला नाही." तिला हसू आलं. ते तिने ओढणीआड दाबलं.

नवऱ्याने सगळं रीतसर पाहिलं. इंजिनला हात लावून ते गार असल्याची खात्री केली, म्हणजे आधी चालू करून ठेवलं नव्हतं. टाकीत टॉर्च मारून गंज पाहिला. टायरची नक्षी शाबूत होती, पण रबर वाळून बारीक भेगा पडल्या होत्या. टायर बदलावे लागतील, हे डॉक्टरांनीही कबूल केलं. मग बटण दाबलं आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. आवाज दमदार, एकसारखा. नवऱ्याने डोळे मिटून तो ऐकला, आणि किती तरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर कामावरचा माणूस दिसला.

"बसा ताई," डॉक्टर म्हणाले, "मागच्या सीटचा निकाल तुम्हीच लावायचा."

सीट कसली, सोफाच होता. ती ऐसपैस बसली, पाठ टेकली आणि मनातल्या मनात दीपगृहापर्यंत जाऊनही आली. घ्यावी, असं तिचं तिथेच ठरलं.

एक चक्कर मारून यायचं ठरलं. गाडी शेडमधून निघाली, गल्ली ओलांडून मोकळ्या रस्त्याला लागली. वारा काचेवरून डोक्यावरून जात होता. पण तिचं लक्ष हळूहळू समोरच्या पाठीकडे गेलं. इतकी वर्षं ती त्याच पाठीमागे बसली होती. भांडण झाल्यावर ती पाठ कशी ताठ होते, भूक लागल्यावर कशी वाकते, हे तिला तोंडपाठ होतं. आज दर वेळी गिअर बदलताना त्याचा डावा खांदा कानापर्यंत उचलला जात होता. नुसत्या बोटांनी दाबायची ती क्लचची मूठ, पण हा माणूस खांद्याने, दंडाने, सगळ्या अंगाने दाबत होता.

घरच्या बिनगिअरच्या स्कूटरला क्लच नव्हता. म्हणून तिला हे कधी दिसलंच नव्हतं.

मग तिला एकेक आठवायला लागलं. चहाचा डबा आताशा तो तिलाच उघडायला सांगायचा. पाण्याची बाटली काखेत धरून उजव्या हाताने टोपण फिरवायचा. आणि धुण्याला टाकलेल्या त्याच्या पँटच्या खिशात तिला परवा एक रबरी चेंडू सापडला होता. शेजारच्या पोराचा असेल म्हणून ती तो त्या पोराला देऊन मोकळी झाली होती. पोरगं खूश झालं होतं. नवरा दिवसभर कपाट उचकत काहीतरी शोधत होता, आणि विचारलं तर "काही नाही" म्हणाला होता.

परत येताना चौकाआधी चढ होता. चढावरच वाहनं तुंबली. गाडी थांबली. क्लच दाबून धरायचा होता, नुसता धरून ठेवायचा. तिने पाहिलं, खांदा वर गेला, थरथरला, आणि हात सुटला. गाडीने एक उडी मारली, बंद पडली आणि डावीकडे झुकू लागली. एवढं धूड एकदा कललं की त्याला देवही थांबवत नाही.

तिने विचार केला नाही. डावा पाय सपकन खाली टाकला आणि गुडघा ताठ केला. फोर्कलिफ्टची पेडलं दाबून दाबून तो गुडघा दगड झाला होता. क्षणभर सगळा भार तिच्या मांडीवर आला, हाड करकरलं, मग नवऱ्याचाही पाय टेकला आणि गाडी हळूहळू सरळ झाली. मागचा टेंपोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

"पाय वर" असं तो म्हणाला नाही. त्याने दोन्ही हातांनी काहीतरी खटाटोप करून गाडी पुन्हा सुरू केली.

शेडमध्ये डॉक्टर वाट पाहत होते. "कशी काय?"

"उत्तम," नवरा म्हणाला, आणि बयाणा द्यायला खिशात हात घातला. उजवा. "घेऊन टाकू."

आता बोललं नाही तर हा गाडी घेणार, आणि कुठल्यातरी घाटात तिचा गुडघा पुरणार नाही. बोललं तर परक्या माणसासमोर त्याचा हात उघडा पडणार. आणि नाहीच म्हटलं तरी ती खुर्ची घरी वाट पाहत होतीच. तिला एकच वाट सुचली.

"मला नको," ती म्हणाली. "सीट टोचते. माझी कंबर नाही टिकायची."

"टोचते?" डॉक्टरांना दातच दुखल्यासारखं झालं. "ही सीट?"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, हे तिला कळलं. आता हा काहीतरी बोलेल, असं वाटलं. पण त्याने लांब उसासा सोडला आणि मोठ्या मनाच्या माणसासारखा म्हणाला, "हिलाच नको असेल तर राहिलं."

वर उसासा! ती आतून पेटली. खापर तिने आपणहून डोक्यावर घेतलं होतं, हे खरं. पण त्याने ते वरून नीट बसवून द्यायची काय गरज होती? स्कूटरवरून घरी जाताना सिग्नल लागला आणि पुढून सवयीने आवाज आला, "पाय वर." तिला वाटलं, उतरून चालत जावं.

रविवारी लेक-जावई आले. लेकीने चप्पल काढता काढताच सुरुवात केली. "आई, काय गं तू! बाबांनी कधी नव्हे ते काही मागितलं. हौसेला मोल नसतं म्हणतेस ना तू? एका सीटसाठी मोडता घातलास. उशी घेतली असती!"

"हो ना," जावई म्हणाला. कुणाच्या बाजूने, ते त्यालाच ठाऊक.

"बघ बरं, पुन्हा खुर्चीत जाऊन बसलेत. हे तुझ्यामुळे."

आपलेच दात, आपलेच ओठ. ती ओट्यापाशी भांडी घासत राहिली, फक्त जरा जास्त जोरात. एक पातेलं इतक्या जोरात आपटलं की जावई दचकला. नवरा खुर्चीत मूग गिळून बसला होता. लेक पुढे म्हणाली, "आई, तुला नं, आयुष्यभर आयतं मागे बसायची सवय लागलीय."

भांड्यांचा आवाज थांबला. पाणी तेवढं वाहत राहिलं.

"नळ बंद कर," नवरा म्हणाला. मग लेकीकडे वळला. "आणि तू गप्प बस. सीट चांगली होती. तुझ्या आईला आवडली होती. बसल्या बसल्या कळलं मला, तिने पाठ टेकली तेव्हाच."

"मग?"

त्याने डावा हात पुढे केला आणि मूठ मिटायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली आणि थरथरू लागली.

"वर्षभर झालं. लिफ्टच्या केबल ओढून ओढून हात गेला असेल. डॉक्टरकडे गेलो नाही, कारण तो काय म्हणणार ते माहीत होतं. चेंडू दाबत होतो, तोही कुणीतरी लंपास केला. चढावर माझा क्लच सुटला. गाडी पडत होती. आईने पाय टाकला म्हणून आम्ही दोघं इथे बसलोय. सीट टोचते हे तिने माझ्यासाठी सांगितलं, आणि मी ते सांगू दिलं. मला लाज वाटत होती. आता जास्त वाटते."

ती हात पुसत बाहेर आली. राग गेला नव्हता, पण त्याच्या त्या अर्धवट मिटलेल्या बोटांकडे बघून तिला रडू फुटलं, आणि रडताना ती म्हणाली, "चेंडू मीच दिला शेजारच्या पोराला."

"तू?"

"मला काय माहीत! सांगायला तोंड नव्हतं?"

त्यावर आधी जावई हसला, मग नाइलाजाने सगळेच हसले. लेकीने आईच्या पाठीवर हात ठेवला आणि माफी मागायच्या ऐवजी ओट्यावरची उरलेली भांडी घासून टाकली.

नंतर तपासण्या झाल्या, मनगटाचं छोटं ऑपरेशन झालं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, थोडी ताकद येईल, पूर्वीची नाही. चेंडू नवा आणला. मोटरसायकल दुसऱ्या कुणीतरी नेली, असं कळलं.

एका संध्याकाळी ती डबा उघडून चहा टाकताना म्हणाली, "दीपगृहाला जायला क्लच लागतो का हो?"

त्याने चेंडू दाबायचा थांबवला. "स्कूटरने? दमून जाऊ. सीट टोचेल."

"टोचू दे. उशी घेऊ. तुमचा हात भरून आला की मी पुढे बसेन. फोर्कलिफ्टपेक्षा अवघड नसेल."

त्याने चेंडू टेबलावर ठेवला. "मग मागे मला गप्प बसावं लागेल," तो म्हणाला.

"सवय होते," ती म्हणाली.

निघाले त्या सकाळी सुरुवातीला तोच पुढे बसला. मागे उशी, पायाशी पिशवी. वसाहतीच्या फाटकाबाहेरच मोठ्या रस्त्याला लागायचा चढ होता आणि समोरून ट्रकची रांग चाललेली. स्कूटर थांबली. समोरची पाठ क्षणभर ताठ झाली.

"पाय टेकव," तो मान न वळवता म्हणाला.

तिने आधीच टेकवले होते.