टाकीत किती उतरले

मेंढरं मोजायची नसतात, ही मल्हाररावाच्या घराण्याची शिकवण. मोजली की नजर लागते. धनगराच्या माणसानं कळपाकडं एकदा बघावं आणि कोण आलं नाही ते ओळखावं. आकडे म्हणायचे ते बाजारातल्या व्यापाऱ्यानं.

मल्हारराव चितेगावचा. चराईची रानं कारखान्यांखाली गेली, मेंढरं विकली, मग तोही वाळूजला वेल्डिंग शिकला आणि बजाजनगरात खोली करून राहिला. तिथला कारखाना बंद पडला तेव्हा एका ठेकेदारानं त्याला कोकणातल्या एका खाडीवर, जहाजं बांधायच्या गोदीत नेलं. मुकादम केलं आणि म्हणाला, तुमच्या भागातली माणसं आणा. मल्हाररावानं अकरा आणली. त्यात बहीण सखूबाईचा थोरला भिकनही होता.

समुद्र बघायला मिळेल अशी सगळ्यांना हौस होती. निघाला काळा चिखल. एका काठाला गोदी, दुसऱ्या काठाला सिमेंटचा कारखाना, मधे कोळसा वाहणारे पडाव. कोळ्यांच्या होड्या कुंपणाबाहेर पालथ्या पडलेल्या आणि त्यांचे धनी गोदीच्या गेटवर वॉचमन झालेले. पत्र्याच्या चाळींत बिहारी, ओडिया, तेलुगू. प्रत्येकाची चूल वेगळी, खोकला एकच. जहाजाच्या तळातल्या टाकीत उतरायला मात्र खाडीकाठच्या गावातला माणूस तयार नसे. त्यानं आतून निघालेली चार मढी पाहिलेली होती. म्हणून तर ठेकेदाराला घाटावरची माणसं लागत.

टाकीत शिरायला माणूस जेमतेम मावेल एवढंच भोक. भोकाशी एक फळी. आत जाताना प्रत्येकानं आपला पितळी बिल्ला तिच्यावर अडकवायचा, बाहेर आला की काढायचा, आणि मुकादमानं माणसं मोजल्याशिवाय झाकण लावायचं नाही. नियम सोन्यासारखा होता. पण त्यात वेळ जातो म्हणून ठेकेदारच सांगे, बिल्ले खिशात ठेवा. मल्हाररावाला तर ती फळी म्हणजे आपला अपमानच वाटे.

"किती उतरले?" सेफ्टीचा साहेब विचारी.

"माझी माणसं मला तोंडपाठ हायेत साहेब. आकडा कशाला पायजे?"

साहेब हसून सही करी. दोन वर्षं एकही माणूस इकडचा तिकडं झाला नाही, त्यामुळं मल्हाररावाचा ताठा वाढतच गेला.

त्या दिवशी टाकीचं काम संपत आलं होतं. दुपारनंतर तीत हवा भरून गळतीची तपासणी व्हायची होती. आत रंगाचा वास कोंडला होता. बद्रीनाथला चक्कर आली, तेव्हा भिकननं आपली तोंडाला बांधायची पिवळी दस्ती भिजवून त्याला दिली आणि वर पाठवलं. बद्रीनाथ मल्हाररावासमोर, तोंडाला काही न बांधता, पाणी प्यायला आणि बाजूला जाऊन बसला. मग जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला आणि बाकीचे काजळीनं माखलेले एकेक वर आले. मल्हाररावानं सवयीनं नजर फिरवली. बद्रीनाथ मघाच आलेला. पुंजाराम आला, रामकिसन आला, आणि पिवळी दस्ती तोंडाला बांधून तो तिकडं भिकन उभा. सगळे आले. त्यानं झाकण लावायला सांगितलं.

पाणी पिऊन मग दस्ती बांधून उभा होता तो बद्रीनाथच. एक माणूस दोनदा दिसला होता. मोजले असते तर अकराऐवजी दहा भरले असते, तिसरीतल्या पोराला कळलं असतं. भिकन जेवायला आला नाही तेव्हा धावाधाव झाली. झाकण काढलं, तर तो भोकाखालीच गुदमरून मेलेला होता, हातात हातोडी धरून. गोदीच्या ठोकाठोकीत त्याची ठोकाठोक कोण ऐकणार?

चौकशीचा कागद ठेकेदारानं आधीच लिहून आणला होता. त्यात होतं: मयत सुट्टी झाल्यावर, कुणाला न विचारता, परत आत शिरला.

"तुम्ही तुरुंगात जाऊन तो परत येणारे का?" ठेकेदार म्हणाला.

मल्हाररावानं सही केली. आपला दोष मेलेल्या भाच्याच्या माथी मारला.

गावाकडं दहावं झालं. सखूबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. तो कागद तिला कुणीतरी वाचून दाखवला होता.

"आपल्या मनानंच गेलं म्हनं आत," ती म्हणाली. "लहानपनापासून तसंच. कुनाचं ऐकायचं नाय."

ती लेकावर रागावली होती. ते मात्र मल्हाररावाला सोसवेना.

"सखू, त्याचा काय गुन्हा नाय. मी माणसं मोजली नाय. मोजली असती तर भिकन आज हितं असता."

सखूबाईनं त्याच्याकडं बघितलं. "येडा का काय तू? आपल्यात कुनी मोजतं व्हय? बाकीच्या लेकरांना बी नजर लावायची व्हती का? तू केलं ते बराबरच केलं."

"अगं, झाकण लावाया मीच सांगितलं."

"त्यो बाहीर असता तर कशाला लागलं असतं झाकन त्याच्यावर? तू लई मनाला लावून घेऊ नको दादा." तिनं आत हाक मारली. धाकटा फकिरा, पाठीवर पिशवी अडकवूनच, बाहेर आला. "याला संगं ने. ह्यो थोरल्यावानी हट्टी नाय. तू म्हनशील तसं वागंल."

नाही म्हणायचं तर का नाही ते सांगावं लागणार होतं. तेच पुन्हा, तिसऱ्यांदा. तेवढं बळ मल्हाररावात उरलं नव्हतं.

"सोमवारी निघू," तो म्हणाला.