'औषध' या शब्दाची फोड

आमच्या ह्यांना चुकीचं ऐकवत नसे. कल्याणच्या शाळेत संस्कृत शिकवण्यात जन्म गेला, पण घरीही सवय सुटेना. मी गोळी आणि पाणी घेऊन समोर उभी राहिले की हे आधी 'औषध' या शब्दाची फोड करणार, मग गोळी घेणार. मी वैतागायचे. "अहो, आधी गिळा, माझी पोळी करपतेय," म्हणायचे.

दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, कळतं सगळं, शब्द सापडत नाहीत. आता डोंबिवलीच्या या घरात मला कुकरच्या शिट्टीचीसुद्धा सोबत वाटते. मानपाड्याहून दर्शना येते, बोलण्याचे व्यायाम घ्यायला. पोरगी गुणाची आहे, पण ह्यांच्यापुढे केळ्याचं चित्र धरून "आजोबा, हे काय?" विचारते तेव्हा माझं डोकं फिरतं. हे भिंतीकडे बघत बसतात. मीही तेच केलं असतं.

मग मीच एक युक्ती काढली. रोज गोळी देताना मुद्दाम चुकीचं बोलायचं. "औषध म्हणजे ज्यानं औक्ष वाढतं ते. औक्षावरूनच आलाय शब्द." पूर्वी कुणी असं बोललं असतं तर हे भरल्या ताटावरून उठले असते. आता मुकाट्यानं गोळी गिळायचे. मला मेला त्या गोळीचाच राग यायचा.

काल मात्र त्यांनी ग्लास बाजूला सारला.

"चूक," म्हणाले.

अगदी स्पष्ट. "मग बरोबर काय? सांगा ना," मी म्हटलं. त्यांचे ओठ हलले. "ओ..." एवढंच आलं. पुन्हा "ओ..." कपाळावर घाम फुटला, डोळे भरून आले. मला बघवेना. शेवटी मीच बोलून टाकलं, "ओष म्हणजे दाह, आग. ती आग पिऊन टाकते ती ओषधी. आणि तिच्यापासून झालं ते औषध."

त्यांचा चेहरा निवळला. वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर बरोबर आलं की हलवायचे तशी मान हलवली आणि गोळी घेतली.

मी स्वयंपाकघरात गेले आणि पदरात तोंड खुपसून रडले. उत्तर मला कधीचं पाठ आहे हो. मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.