अंड्यायले गिलावा

मी तोंडाची फटकळ हावो, हे सारी अमरावती सांगन. हलीमाबीच्या वाट्याले जाऊ नये म्हनतात. म्हनू दे. पन त्या सालचा राग माहा खरा होता, बाई. पुरं ऐकून घे अन् मग बोल.

ते साल कापसाचं. दूर कोनत्या तरी मुलखात लढाई लागली म्हने, तिथला कापूस विलायतेले जायचा बंद झाला, अन् आपल्या बोंडाले असा भाव आला का ज्याच्या घराले धड कवाड नव्हतं, त्यानंही चुन्याच्या भिंती उभ्या केल्या. खुशालराव पाटलानं तं गोठ्यालेही गिलावा केला. बैल बिचारे आत जायले लाजत. आमच्या घरी चुनभट्टी. घरधन्याचं नाव मी घेत नसते, लोक रहमतुल्ला चुनेवाले म्हनतात. त्यायले चुन्याबिगर काही दिसतच नव्हतं. कुठं भोक दिसलं का बोट चुन्यात बुडवून बुजवलंच म्हनून समज.

माहा जीव मात्र एका टोपल्यात होता. माह्या लग्नात अब्बानं अकोल्याहून आपल्या असील कोंबड्यायची जोडी देल्ली होती. अशी नसल, अशी जात, साऱ्या वऱ्हाडात नव्हती. मग अब्बा गेले. मागून त्यायचा कोंबडाही कापसाच्या बंडीखाली आला. उरली एक म्हातारी कोंबडी, अन् तिच्याखाली शेवटचे अकरा अंडे. त्यातून पिल्लं निघाले तं अब्बायची नसल राहीन, नाही तं संपली. त्या टोपल्यापाशी मी कोनाले खोकूही देत नव्हती.

कोंबडी बसून नऊ दिवस झाले, अन् आमचे हे साहेबाच्या बंगल्यावर चुना टाकून आले. तो साहेब कापूस पारखायले आलता. त्याच्यापाशी पितळेची एक नळी होती, तिच्यातून कापसाचा तंतू दोरखंडावढा दिसे. त्या दिवशी साहेबानं न्याहारीच्या अंड्याचं टरफल नळीखाली ठेवलं अन् ह्यायले दाखवलं. घरी आले ते तोंड उतरवून.

"हलीमा, अंड्याले भोकं हायेत."

"कोनाच्या अंड्याले?"

"साऱ्यायच्या. हजारो भोकं. म्या माह्या डोळ्यानं पाह्यले."

"सहा साल झाले मी बजारात अंडे विकून राहिली, एका बाईनं भोक दाखवलं नाही! भोक असन तं त्या साहेबाच्या नळीले असन!"

ते भट्टीकडं निघून गेले. मले वाटलं, मिटलं. मी मूर्ख.

दुसऱ्या दिवशी बजार करून दुपारी आली, तं कोंबडी आंगनात बोंबलत फिरून राहिली. धावत टोपल्यापाशी गेली. अकरा अंडे पांढरेशुभ्र, चकचकीत, अन् बाजूले आमचे हे थापी घेऊन उभे.

"घोटीव चुना हाये," म्हने. "पातळ हात मारला. आता वाराही आत जानार नाही."

खोटं काहून बोलू? मले आवडले. खुशालरावच्या गोठ्यापेक्षा काम साफ होतं! त्यातलं एक अंडं ओढनीत बांधलं अन् तशीच बंगल्यावर गेली. हे माह्या मागं.

साहेबाचे मुन्शी केशवराव दारातच होते. मी म्हटलं, "साहेबाले म्हना, दाखव आता भोकं!"

साहेबानं नळीतून पाह्यलं. ताडकन उभा राह्यला, लालबुंद झाला, इंग्रजीत लय बोलला. केशवराव मानेमागं खाजवत म्हने, "बाई, पिल्लू त्या भोकातूनच दम घेते. बुजवले तं आत गुदमरन."

मी अंडं साहेबापुढं सरकवलं. "मग काढा म्हना तो चुना! लवकर काढा!"

साहेबानं आंबट सिरक्याची बाटली आनली. पहिले कालच्या टरफलाच्या तुकड्यावर थेंब टाकला, तं फसफस. मग ह्यायच्या खिशातल्या चुनखडीवर टाकला, तिथंही तशीच फसफस. केशवराव म्हने, "टरफल अन् चुनखडी एकच चीज हाये. सिरका लावला तं गिलाव्यासंगं भिंतही जाईन."

हे ऐकून आमच्या ह्यायचं तोंड असं फुललं म्हनून सांगू! "हलीमा! कोंबडी आपल्याच धंद्यातली निंघाली! ना भट्टी, ना लाकूड! म्या पाह्यलं ना नळीत, खडे कसे उभे रचले, एकाले एक खेटून! अन् आतून पापुद्र्याचं अस्तर, पिंजल्या कापसावानी! असा एक मिस्त्री नाही माह्यापाशी!"

"तुमी चूप बसा!" साहेबासमोर ओरडली मी.

टेबलावर कापसाचे ढीग होते, मऊ, निवडलेले, चिठ्ठ्या लावलेले. मी अंडं ओढनीत टाकलं, ते ढीग दोन्ही हातानं कवेत घेतले अन् निघाली.

"बाई, तो नमुन्याचा कापूस हाये!" केशवराव मागं धावले. "विलायतेले जाऊन राहिला!"

"साहेबाले सांगा, कापूस पुढच्या साली पुन्हा पिकते. माह्या अब्बायची नसल पिकत नाही."

घरी येऊन कोमट पान्यात कापूस बुडवला अन् एकेक अंडं पुसत बसली. नशीब, चुना अजून ओलाच होता. ह्यायनंही एक अंडं उचललं, तं मी हातातून काढून घेतलं. "पुन्हा टोपल्यापाशी दिसले तं पाहा," म्हटलं. त्या मानसानं बारा दिवस आपल्याच घरात उंबऱ्याबाहेर बसून भाकर खाल्ली. मी ताट बाहेरच सरकवत होती.

एकविसावा दिवस गेला. काहीच नाही. त्या दिवशी चूल पेटवायचंही माह्या जिवावर आलं. बाविसाव्या दिवशी सकाळी अंडे कानाले लावून पाह्यले. पहिलं गप. दुसरं गप. मी रडायलेच लागली. पाचवं कानाले लावलं, तं आतून टकटक! वरून चिवचिवाट, जसं कोनी आतूनच भांडून राह्यलं.

दुपारपावतर तीन पिल्लं निघाले. बाकी आठ गेले. पन तीन निघाले, बाई, तीन! आमचे हे उंबऱ्याबाहेर उभे, आत यायची हिंमत नाही, विचारायची तं नाहीच.

"या इकडं," मी म्हटलं. "पहिले हात धुवा."

तीन वेळा धुतले त्यायनं. मी पहिलं पिल्लू उचलून त्यायच्या तळहातावर ठेवलं. चुन्यानं भेगाळलेला तो हात इतका सरळ धरला होता का जशी त्यात पान्यानं भरलेली वाटी होती. पिल्लानं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन् त्या तळहातावर बिनधास्त शिटलं. एवढा बाप्या मानूस, लेकरावानी रडला.