संमतीचा कागद

वाटूर फाट्यावर कारभारीच्या सलूनमध्ये सर्जेरावांनी डोकं तुळतुळीत करून घेतलं. कारभारीनं पैसे घेतले नाहीत. वस्तरा पुसत त्यानं हळूच विचारलं, "कोण गेलं, सर?"

"कुणी न्हाई."

दुःखानं माणूस असंच बोलतो, असं समजून कारभारीनं वर चहाही पाजला.

सर्जेराव गावच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. तेवीस वर्षं त्यांनी परीक्षानळ्या धुतल्या होत्या. मुलगा सूरज पुण्याला नोकरीला लागला, घराला स्लॅब टाकून झाला. करायचं म्हणून जे काही असतं ते सगळं होऊन गेलं. आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता त्यांचे हात थांबायला लागले. कुठं जायचं ते ठाऊक असे, कशासाठी ते सुचत नसे. अशा वेळी त्यांना विशीतले दहा दिवस आठवत. तेव्हा त्यांनी बौद्ध विहारात श्रामणेर शिबिर केलं होतं, दहा दिवसांपुरतं भिक्खू होऊन. मुंडण, अंगावर चीवर, हातात भिक्षापात्र, दुपारनंतर अन्न नाही. पहाटे अनवाणी चालताना पायाखाली थंडगार माती लागायची. तेवढं हलकं पुन्हा कधी वाटलं नाही.

यंदा आषाढ पौर्णिमेपासून तीन महिन्यांचं शिबिर होतं. जमलं तर नंतरही तिथंच राहायचं, असं त्यांच्या मनात होतं, पण हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

अर्जासोबत घरच्यांच्या संमतीचा कागद लागत होता. मुंडण त्यानंतर, तेही शिबिरातच. सर्जेरावांनी उलटं केलं. आधी डोकं भादरून टाकलं म्हणजे बायकोपुढं विषय काढायची हिंमत येईल, असं त्यांना वाटलं होतं. घरी पोचेपर्यंत तिघांनी थांबवून त्यांचं सांत्वन केलं आणि ती हिंमत वाटेतच कुठंतरी सांडली.

बेबीनंदा ओसरीवर मूग निवडत होती. तिनं एकदा डोक्याकडं पाहिलं.

"शेजारीण आत्ताच विचारून गेली, तुमच्यात कोण वारलं म्हणून. काय सांगू तिला?"

त्यांनी कागद पुढं केला. तिनं हात पुसून तो शेवटपर्यंत वाचला आणि 'तीन महिने' या शब्दांवर बोट ठेवलं. "परत यायचं हाय का न्हाई?"

सर्जेरावांनी नुसता गुळगुळीत टाळूवरून हात फिरवला.

"काय हाय तिथं?"

त्यांनी पहाटेच्या त्या मातीबद्दल सांगितलं. बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ते फार थोडं वाटलं.

बेबीनंदा पुन्हा मुगातले खडे बाजूला करू लागली. मग खाली बघूनच तिनं सूरज एक वर्षाचा असतानाची गोष्ट काढली. जालन्याहून तिच्या नावानं नर्सिंगच्या ट्रेनिंगचं पत्र आलं होतं. सासूबाई अंथरुणावर होत्या. पुढच्या वर्षी बघू, असं सर्जेराव म्हणाले होते. त्यांना आता ते आठवलं. दाढी करता करता आरशात बघूनच म्हणाले होते.

"अजूनबी बसमधी पांढऱ्या कपड्यातली पोरगी दिसली, की ती उतरंस्तोर मी तिच्याकडंच बघून राह्यते," ती म्हणाली. "मंग घरी येऊन सैपाक करते."

सर्जेराव म्हणाले, "बायांचंबी शिबिर असतंय. येतीस का?"

"मला माझे केस लागतेत," ती म्हणाली आणि हसली. ते हसू जास्त टिकलं नाही. तिनं त्यांच्या खिशातला पेन काढून घेतला.

"जा तुम्ही. पण तिथं काय सापडलं ते येऊन मला सांगायचं. न्हाई सापडलं तरीबी येऊन सांगायचं. ह्या बोलीवर सही करते, बघा."

सर्जेरावांनी मान हलवली. मग तेवढं पुरेसं नाही असं वाटून म्हणाले, "येईन."

मुगाचं ताट बाजूला सारून बेबीनंदानं कागदावर आपलं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं. शाई वाळेपर्यंत दोघं त्या नावाकडं बघत बसले.